चोथा फक्त पोट साफ करत नाही
फायबरवरच्या तुमच्या लेखात फायबरचं, म्हणजे धान्य-भाज्या-फळांतल्या चोथ्याचं, सगळं काम ‘पोट साफ होणं’ एवढ्यावरच आटोपलंय, ते काही पटलं नाही. फायबर आपल्याला पचत नाही हे खरं, पण मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना त्यातलं बरंचसं पचतं. ते आंबवताना ब्युटिरेटसारखी छोटी मेदाम्लं तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यातूनच घेतात. म्हणजे ज्याला आपण टाकाऊ चोथा समजतो, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं! ओट्स-बार्लीतलं बीटा-ग्लुकान नावाचं फायबर पाण्यात बुळबुळीत होतं, पित्तातल्या आम्लांना अडकवून बाहेर नेतं. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. रोज साधारण 3 ग्रॅम बीटा-ग्लुकान पोटात गेलं तर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. थोडंच हं, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करण्याइतकं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम फायबर सांगितलंय, तेही अन्नात मुळातच असलेलं. ‘हाय फायबर’ छापलेल्या बिस्किटांचं कौतुक त्यामुळे जरा बेतानेच करावं. फळांचा रस गाळून पिणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं!

एक गोष्ट मात्र लेखात यायलाच हवी होती. उत्साहाच्या भरात एकदम फायबर वाढवलं की पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस चार दिवसांत नाद सोडतो. दोन-तीन आठवडे घेऊन हळूहळू वाढवा, सोबत पाणीही वाढवा. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.