‘दोन बाजू दोन तऱ्हेच्या’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज ओपीडीच्या आधी सगळ्या स्टाफला वाचून दाखवला. तुम्ही लिहिलंय, की स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनबरोबरच आमच्याकडे इम्प्लांट, म्हणजे काढलेल्या स्तनाच्या जागी कृत्रिम भराव, बसवून घेतलं. आठ महिन्यांनी ती बाजू घट्ट आणि वर, दुसरी खाली. शिंपिणीला ब्लाऊजची दोन्हीकडची मापं वेगळी घ्यावी लागली. आता आम्ही ‘दुसऱ्या बाजूचंही करावं लागेल’ म्हणून वेगळे पैसे सांगतो, म्हणजे काम मुद्दाम अर्धवट ठेवलं. आणि तक्रार केली तर ऐकायला मिळालं, “कपड्यात काही कळत नाही, कशाला मनाला लावून घेता?”

तुम्ही स्वतःहून इथे लिहिलंय त्यापलीकडे तुमच्या केसबद्दल मी चारचौघांत बोलणार नाही.

आधी ते वाक्य. ते आमच्याच माणसाच्या तोंडचं आहे. मनापासून माफी मागते. स्तन असा पुन्हा घडवल्यानंतर (पुनर्रचनेनंतर) बाई किती समाधानी आहे, हे पाहायला डॉक्टर ब्रेस्ट-क्यू नावाची प्रश्नावली वापरतात. ती 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. कपडे घालून आरशात कशा दिसता, हे त्यात एक विचारतात आणि कपड्यांशिवाय कशा दिसता, हे वेगळं विचारतात. ब्रा नीट बसते का, हेसुद्धा. म्हणजे अंघोळीनंतर आरशासमोर तुम्हाला जे खटकतं, ते आमच्या कामाच्या हिशेबात धरायचंच असतं. आम्ही गळ्याखालच्या खळगीपासून टेप लावून मोजतो आणि आकडा बरा आला की समाधान मानतो. तुमच्या शिंपिणीने जे पाहिलं, ते आम्हीही पाहायला हवं होतं.

मुद्दाम अर्धवट ठेवलं, हे मात्र खरं नाही. इम्प्लांट वयाबरोबर ओघळत नाही, वजन वाढलं तरी वाढत नाही, आडवं झाल्यावर बाजूला पसरत नाही. मूळची बाजू हे सगळं करते. शिवाय शरीर प्रत्येक इम्प्लांटभोवती पातळ आवरण धरतं. काही जणींत ते आकसतं आणि ती बाजू कडक होऊन वर ओढली जाते. रेडिएशन झालेलं असेल तर ही शक्यता वाढते. म्हणून जुळवाजुळव पुष्कळदा दुसऱ्या टप्प्यात होते. मूळची बाजू उचलायची किंवा लहान करायची, नाहीतर उणी जागा चरबीने भरायची. त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं, त्यामुळे ती कधी पुन्हा भरावी लागते. सूज पूर्ण उतरायच्या आत हे केलं तर माप पुन्हा चुकतं.

चूक आमची झाली ती सांगण्यात. हे सगळं आम्ही पहिल्याच भेटीत सांगत होतो. बाई बायोप्सीचा रिपोर्ट मुठीत धरून बसलेली, नवरा खर्च विचारतोय, बरोबर आलेली नणंद रडतेय. त्या अर्ध्या तासात ‘दुसरी बाजू’ हे शब्द कुणाच्या कानात शिरणार? इंदुरातली इतकी मराठी घरं आमच्याकडे येतात आणि संमतीचा कागद फक्त हिंदी-इंग्रजीत. आता तो मराठीतही केलाय. ऑपरेशनच्या आधी या एकाच विषयासाठी वेगळी भेट ठेवली आहे. दोन्ही टप्प्यांचा अंदाजे खर्च तेव्हाच लिहून मिळेल.

पैशांचं. अमेरिकेत 1998 च्या कायद्यानुसार, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनेला दुसरी बाजू जुळवण्याचा खर्चही द्यावा लागतो. तिथे तो उपचाराचाच भाग धरला आहे आणि मीही तसंच मानते. तुमच्या दुसऱ्या टप्प्याची माझी फी मी घेणार नाही. ओटी आणि भुलीचा खर्च आधी लिहून देईन. मंजुरीचा कागद विम्याकडे आम्हीच पाठवू.

पुन्हा ऑपरेशन नकोच असेल, तर ब्रामध्ये बसणारं अर्धं पॅड मापाने करून घेता येतं, तेही दाखवते. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या. ऑपरेशनच्या नोंदी आणि इम्प्लांटच्या स्टिकरची प्रत रिसेप्शनवर तुमच्या नावाने पाकिटात ठेवली आहे. या भेटीचे पैसे नाहीत. संध्याकाळी पाचनंतर या, तेव्हा गर्दी नसते, आणि तो नवा ब्लाऊज घालून या.