बगळ्याची जात चोचीच्या रंगावरून ठरवू नये

पावसाळा सुरू झाला की पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक तक्ता पुन्हा फिरू लागतो. चोच काळी असेल तर लहान बगळा. पिवळी असेल तर मध्यम किंवा मोठा, त्यांतही आकाराने थोराड तो मोठा. आणि गुरांमागे फिरतो तो गाय बगळा, असे त्यात ठामपणे सांगितलेले असते. नवशिक्यांना हे पाठ करणे सोयीचे जाते, परंतु विणीच्या काळात, म्हणजे नेमका ज्या दिवसांत तो वाटला जातो त्याच दिवसांत, हा तक्ता चुकीची जात सांगतो.

चोचीच्या रंगाचे विधान त्यात सर्वाधिक घातक आहे. लहान बगळ्याची चोच वर्षभर काळी असते, हे खरे. पण हिवाळ्यात पिवळी दिसणारी मोठ्या आणि मध्यम बगळ्यांची चोचही विणीच्या काळात काळी होते. त्यामुळे जुलैत भिगवणजवळ उजनीच्या काठी दिसलेला काळ्या चोचीचा बगळा या तिघांपैकी कोणीही असू शकतो. अशा वेळी जिवणी, म्हणजे चोचीच्या मुळाशी डोळ्याकडे जाणारी तोंडाची फट, पाहावी. मोठ्या बगळ्याच्या जिवणीची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते, आणि ऋतू बदलला तरी ही खूण बदलत नाही. विणीची पिसे फुटली असतील तर काम आणखी सोपे होते: लहान बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसे लोंबतात, मध्यम बगळ्याच्या पाठीवर आणि छातीवरही झालर असते, तर मोठ्या बगळ्याच्या केवळ पाठीवर.

आकाराचा निकषही एकट्या पक्ष्याला लावता येत नाही. मोठा बगळा सुमारे 90 सेंटिमीटर, मध्यम सुमारे 70 आणि लहान सुमारे 60 सेंटिमीटर लांबीचा असतो. शेजारी दुसरा ओळखीचा पक्षी नसताना मोकळ्या चिखलात हा फरक डोळ्यांना कळत नाही. त्यापेक्षा मान पाहावी. मोठ्या बगळ्याची मान शरीराच्या मानाने फार लांब असून मध्येच कोनात मोडल्यासारखी दिसते.

लहान बगळ्याच्या काळ्या पायांची पिवळी बोटे ही खरोखर चांगली खूण आहे, आणि तक्त्यात तीच नाही. अर्थात चिखलात ती झाकली जातात, म्हणून पक्षी उडेपर्यंत थांबावे लागते. कोकण किनाऱ्यावर तेवढ्यानेही भागत नाही, कारण समुद्री बगळ्याच्या पांढऱ्या रूपाचीही बोटे पिवळी असतात. त्याची चोच मात्र अधिक जाड, तपकिरी-पिवळसर आणि किंचित खाली वळलेली असते.

गाय बगळ्याची ओळख गुरांवर सोपवणे तर मला मुळीच पटत नाही. तो नांगरटीच्या ट्रॅक्टरमागे आणि कचऱ्याच्या ढिगांवरही दिसतो, आणि पाणथळ शेतात म्हशींजवळ लहान बगळाही किडे टिपताना आढळतो. आखूड मान, आखूड जाड चोच आणि पिसांनी भरलेली हनुवटी यांवरून तो ओळखावा. विणीच्या काळात डोके, मान आणि पाठ यांवर चढणारा केशरी-पिवळा रंग सोबतीला असतोच.

एखाद्या बाभळीवर कोणत्या जातीची घरटी आहेत, हे पावसाळ्यातल्या नोंदींवरूनच कळते, म्हणून जिवणी दिसली नसेल तर नोंदवहीत ‘मोठा किंवा मध्यम बगळा’ एवढेच लिहावे.