रात्री अकरानंतरचे कुलूप

आज सकाळी भाच्याला सदाशिव पेठेतल्या त्याच्या नव्या खोलीत सोडून आले, तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही, म्हणून हे लिहीत आहे. तो केजहून राज्यसेवेच्या अभ्यासासाठी आला आहे. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत सहा कॉट आहेत, कॉटचे महिन्याचे भाडे अडीच हजार आहे आणि वर जायला एकच लाकडी जिना आहे. त्या जिन्याखाली सगळ्या खोल्यांचे मीटर आहेत आणि मीटरना जवळजवळ टेकून पाच दुचाक्या उभ्या होत्या. खोलीत एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लॅपटॉप, चार्जर आणि कॉइलची शेगडी लावलेली होती. बोर्डाचा एक कोपरा तपकिरी पडून वितळला होता आणि त्यावर कुणीतरी चिकटपट्टी लावली होती.

एवढे पाहूनही मी कदाचित गप्प राहिले असते, कारण अडीच हजारांत यापेक्षा बरे कुठे मिळणार, अशी समजूत आपण सगळेच घालून घेतो. पण निघताना तळमजल्याच्या सरकत्या लोखंडी दाराला लटकणारे मोठे कुलूप दिसले. मालकांनी सांगितले, "रात्री अकराला मी बंद करतो, पाचला उघडतो. मुलांना शिस्त राहते." किल्ली त्यांच्याच घरी असते आणि ते समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. मी विचारले, "रात्री आग लागली तर?" ते म्हणाले, "ताई, तीस वर्षांत काही झालेलं नाही."

या उत्तराने माझ्या अंगाची आग झाली. कुवेतमधल्या मंगफ येथे 12 जून 2024 रोजी कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली, तिच्यात चाळीसहून जास्त भारतीय मेले. आग तळमजल्यावर लागली, धूर जिन्याने वर गेला आणि जीव वाचवायला गच्चीकडे धावलेल्यांना गच्चीचे दार कुलूपबंद मिळाले. आदल्या रात्रीपर्यंत तिथेही काही झालेले नव्हते. गोरेगावच्या उन्नत नगरमध्ये 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे तळमजल्यावरची वाहने आणि चिंध्यांचे गठ्ठे पेटले आणि वरच्या मजल्यांवर झोपलेली माणसे धुराने गुदमरून गेली. जिना हेच धुराडे होते. माझ्या भाच्याच्या इमारतीतही जिन्याखाली मीटर आहेत, दुचाक्यांच्या टाक्यांत पेट्रोल आहे आणि बाहेर पडायच्या एकमेव दाराला कुलूप आहे.

चोरीची भीती खरी आहे, हे मी मान्य करते. मुले सांगूनही शेगडी लावतात, हेही खरे. पण रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि बाहेर जेवायला पैसे नसतात, तेव्हा मुले खिचडी शिजवणार कशावर? शेगडी मुलांची असली, तरी वायरिंग मालकाचे आहे, जिना मालकाचा आहे आणि किल्ली तर मालकाच्याच खिशात आहे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने आगीपासून बचावाची साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे प्रत्यक्ष जागा वापरणाऱ्यावर, टाकली आहे आणि दर जानेवारीत व जुलैत परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र घेण्याची तरतूद केली आहे. त्यातल्या "किंवा" या शब्दाचा आधार घेऊन मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो आणि भाडेकरू खोली जाईल म्हणून बोलत नाही. पोलीस ठाण्यात द्यायला मालकांनी भाच्याच्या आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स घेतल्या, फोटो घेतले, गावाकडचा पत्ता लिहून घेतला. मुलाची इतकी चौकशी करणाऱ्या माणसाला इमारतीत वाळूची एक बादली ठेवावीशी वाटली नाही.

हे लिहिताना मालकांचा चेहराही आठवतो आहे. ते दुष्ट नाहीत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, "मुलाची काळजी करू नका" असे मनापासून सांगितले. म्हणूनच मला जास्त भीती वाटते, कारण त्या कुलपात काही गैर आहे असे त्यांना वाटतच नाही.

माझे मागणे फार मोठे नाही. दाराच्या आतल्या बाजूला, सगळ्यांच्या हाताला येईल अशा खिळ्यावर दुसरी किल्ली टांगावी आणि जिन्याखालच्या दुचाक्या रस्त्यावर लावाव्यात, इतकेच. नवे वायरिंग खर्चाचे आहे, ते मला कळते. किल्लीला पन्नास-शंभर रुपये लागतात आणि ते मी द्यायला तयार आहे.

उद्या सकाळी हे सांगायला पुन्हा जाणार आहे. भाच्याला फोनवर तसे म्हटले, तर तो म्हणाला, "मावशी, नको ना भांडूस. ते म्हणतील दुसरी खोली बघ, आणि पूर्व परीक्षा जवळ आलीय." मी भांडणार नाही, असे त्याला सांगितले आहे. आता अकरा वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि कुलूप लावल्याचा आवाज वर ऐकू आला, असा त्याचा मेसेज आला आहे.