एकट्यानं लिहिलेल्या गाण्यांची लोणकढी थाप

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या काकांनी एक चित्र टाकलं. डावीकडे जुनं रॉक गाणं, खाली लेखकाचं एकच नाव. उजवीकडे गायिका बियॉन्सेचं ‘होल्ड अप’, खाली लेखकांच्या नावांची ही रांग. मजकूर असा: पूर्वी एकटा माणूस गिटार घेऊन मनातलं लिहायचा, पैशासाठी नाही, आता एका गाण्याला पंधरा जण लागतात, कारण प्रतिभा आटली. वर मैत्रिणींसोबत गाणी रचणाऱ्या माझ्या भाचीला टोमणा: ‘असं एकटीनं लिहायला शीक.’ तेव्हा मात्र राहवलं नाही.

ती रांग कुणी वाचली तरी का? तिच्यात डॉक पोमस आणि मॉर्ट शुमन आहेत. पोमस १९९१ साली वारले, गाणं आलं २०१६ मध्ये. या दोघांनी लिहिलेलं आणि अँडी विल्यम्सनं १९६३ मध्ये गाजवलेलं एक गाणं ‘होल्ड अप’मध्ये सॅम्पल म्हणून, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा उचलून, वापरलंय, म्हणून त्यांची नावं. म्हणजे ज्या सोनेरी काळासाठी गळा काढलाय, त्याच काळातली माणसं ‘प्रतिभा आटलेल्यां’च्या यादीत मोजली! ‘अपटाउन फंक’ या गाण्याचंही तेच. १९७९ च्या गॅप बँडच्या गाण्याशी साम्य म्हणून २०१५ मध्ये त्या गाण्याच्या लेखकांची नावं जोडली आणि यादी अकरावर गेली. यादी लांबते ती बऱ्याचदा उसनवारी कबूल केल्यामुळे. वकिलांच्या धाकानं का होईना.

आणि जुन्या याद्या काय धुतल्या तांदळाच्या? चक बेरीच्या ‘मेबेलीन’वर १९५५ मध्ये रेडिओवाल्या ॲलन फ्रीडचं नाव लेखक म्हणून चढलं, कारण तो गाणं वाजवणार होता. ते पुसायला १९८६ उजाडलं. एल्विसचं नाव ‘हार्टब्रेक हॉटेल’च्या लेखकांत आहे, आपण आयुष्यात गाणं लिहिलेलं नाही, हे त्यानं स्वतःच सांगितलं होतं. उलट मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांना ज्याच्या बास गिटारनं ठेका दिला, त्या जेम्स जेमरसनचं नाव साठच्या दशकात रेकॉर्डवर छापतच नसत.

‘पैशासाठी नाही’ यावर काय बोलायचं? कॅरोल किंग आणि गेरी गॉफिन ही गीतकार जोडी न्यूयॉर्कच्या १६५० ब्रॉडवेवर पियानो ठेवलेल्या खुराड्यात बसून, पगारी नोकरासारखी गाणी पाडत. बीच बॉइज बँडच्या ब्रायन विल्सननं ‘पेट साउंड्स’ या अल्बमचे बरेचसे शब्द टोनी ॲशरसोबत लिहिले, ॲशर जाहिरातींची कॉपी लिहायचा.

राहिला बॉब डिलन, गिटार घेऊन एकट्यानं लिहिणारा, काकांचा हुकमी एक्का. २०१५ मध्ये म्युझिकेअर्स या संगीतकारांना मदत करणाऱ्या संस्थेच्या सोहळ्यातल्या भाषणात त्यानंच सांगून टाकलं की माझी गाणी हवेतून आलेली नाहीत. ‘जॉन हेन्री’ हे लोकगीत माझ्याइतक्या वेळा गायला असतात, तर ‘ब्लोइन इन द विंड’ची पहिली ओळ तुम्हीही लिहिली असती. याहून मोठा साक्षीदार कुठून आणू?

बरं, एकट्यानं थोर गाणी लिहिणारे होते. डॉली पार्टन आहे, प्रिन्स होता. आजची काही गाणी मीटिंगमध्ये मंजूर झाल्यासारखी वाटतात, हेही खरं. पण कॅरोल किंगचा १९७१ चा ‘टॅपेस्ट्री’ हा अल्बम घ्या. त्यातली काही गाणी तिनं एकटीनं लिहिली आहेत, काहींचे शब्द टोनी स्टर्नचे आहेत. काकांनी कव्हर न बघता, नुसतं ऐकून ती वेगळी करून दाखवावीत.