लसीच्या रांगेत पासपोर्ट नको, पत्ता विचारा

"लस आपल्या पैशानं घेतलेली आहे. ती आधी आपल्या नागरिकांना द्या. परदेशी लोकांनी आपापल्या देशात जाऊन टोचून घ्यावी." कोरोनाच्या काळात हे म्हणणं कितीतरी देशांत, कितीतरी भाषांत फिरलं. पुढच्या साथीत ते पुन्हा फिरेल, कारण ऐकताक्षणी ते रास्त वाटतं. मला मात्र ते मुळातच चुकीचं वाटतं, आणि फक्त निष्ठुर आहे म्हणून नाही. ते ज्या ज्या गोष्टी गृहीत धरतं, त्यांतली एकही तपासून पाहिली तर टिकत नाही.

इथे परदेशी म्हणजे चार दिवसांसाठी आलेला पर्यटक नाही. नोकरी, मजुरी, शिक्षण, लग्न किंवा जीव वाचवण्यासाठीचा आसरा, यांपैकी कशासाठी तरी जो त्या देशात घर करून राहतो, त्याच्याविषयी हे लिहितो आहे.

"आधी आपले, मग परके."

रांग लावायलाच हवी, याबद्दल वाद नाही. २०२१ च्या सुरुवातीला लस खरोखरच तुटपुंजी होती. प्रश्न एवढाच आहे की रांगेतला नंबर कशावरून ठरवायचा. जवळपास सगळीकडे तो वय, आधीपासूनचे आजार आणि कामातला धोका यांवरून ठरला, कारण कोण दगावण्याची शक्यता जास्त हे या गोष्टींवरून कळत होतं. त्यात नागरिकत्व घुसडलं की पंचविशीतला धडधाकट नागरिक पुढे जातो आणि कोविड वॉर्डात रात्रपाळी करणारी साठीची परदेशी परिचारिका मागे राहते. ती अंथरुणाला खिळली तर त्या वॉर्डातल्या नागरिक रुग्णांना बघणार कोण? इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, २०२० साली सुमारे १४ टक्के कर्मचारी ब्रिटिश नागरिक नव्हते. म्हणजे जवळपास १ लाख ७० हजार माणसं. ८ डिसेंबर २०२० रोजी कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात, लसीच्या प्रायोगिक चाचण्या सोडल्या तर, फायझरच्या लसीचा पहिला डोस एका नव्वद वर्षांच्या आजींना दिला गेला. तो देणाऱ्या परिचारिका मे पार्सन्स मूळच्या फिलिपिन्सच्या.

आता सिंगापूर. मार्च २०२० पर्यंत साथ उत्तम हाताळणारा देश म्हणून त्याचं जगभर कौतुक होत होतं. एप्रिलमध्ये परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत उद्रेक झाला. एकेका खोलीत बारा, सोळा, वीस माणसं, दुमजली लोखंडी खाटा, संडास-न्हाणीघरं सामाईक. हात पसरला तर शेजारच्या खाटेला लागावा एवढंच अंतर. तिथे 'एक मीटर लांब राहा' या सूचनेला काही अर्थच नव्हता. वसतिगृहांत सुमारे ३ लाख २३ हजार मजूर राहत होते. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं जाहीर केलेले आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले आहेत: नाकातल्या स्वॅबच्या चाचणीत ५४,५०५ जण बाधित सापडले होते, आणि रक्ततपासणीत आणखी ९८,२८९ जणांना संसर्ग होऊन गेल्याचं दिसलं. दोन्ही मिळून ४७ टक्के. जेवढे मोजले गेले, त्याच्या जवळपास दुप्पट लोकांना रोग होऊन गेला तरी त्यांची रुग्ण म्हणून नोंद नव्हती. विषाणू बाहेर पसरू नये म्हणून या मजुरांना महिनोन्‌महिने आवारात कोंडून ठेवावं लागलं, बांधकामं ठप्प झाली. 'आपले' आणि 'परके' असे दोन गट करता येतात, पण ते कागदावर. त्याच डिसेंबरमध्ये सिंगापूरनं जाहीर केलं की लस नागरिकांना आणि दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी रहिवाशांना, दोघांनाही मोफत मिळेल. एवढी किंमत मोजून आलेलं हे शहाणपण आहे, म्हणून ते मला मोलाचं वाटतं.

आपल्या जवळचं, जुनं उदाहरण द्यायचं तर देवीच्या रोगाचं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण २४ मे १९७५ रोजी आसामातल्या करीमगंज इथे सापडला. ती बांगलादेशातून आलेली बाई होती, बेघर, रेल्वेच्या फलाटावर राहणारी. तेव्हा देवी निर्मूलनाची रीत ठरलेली होती: रुग्ण शोधायचा, त्याला वेगळं ठेवायचं, आणि त्याच्या आजूबाजूला जे जे कोणी असतील त्या सगळ्यांना लस टोचायची. फलाटावरच्या माणसाचा 'आजूबाजू' म्हणजे कोण, याचा विचार करा. हमाल, प्रवासी, तिकीट नसलेले, कुठलेच कागद नसलेले. त्यांतून भारताचे आणि भारताबाहेरचे निवडत बसण्याची सोयच त्या रीतीत नव्हती. एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगानं भारत देवीमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं.

"लस आपल्या कराच्या पैशातून आली आहे."

बरोबर आहे, पण तो कर फक्त नागरिक भरत नाहीत. पगारातून कापला जाणारा आयकर पासपोर्ट बघून कापला जात नाही. दुकानात वस्तूवर लागणारा कर तर कागदपत्रं नसलेला मजूरही भरतोच. आणि समजा एखाद्याने खरोखरच काही भरलं नाही, तरी साथीच्या लसीला हा हिशेब लावता येत नाही. तो लावला तर लहान मुलं, बेरोजगार आणि निवृत्त झालेले नागरिकही रांगेबाहेर जातील, आणि ते कोणालाच मान्य होणार नाही.

याहून मला खुपते ती दुसरी गोष्ट. लस मागवताना आणि वाटताना लोकसंख्या मोजली जाते, तेव्हा हे लोक त्यात असतात. अमेरिकेत सुरुवातीला राज्यांना डोस मिळाले ते प्रौढ लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि ही लोकसंख्या जनगणना विभागाच्या आकड्यांवरून घेतलेली होती. त्या आकड्यांत नागरिक नसलेलेही धरलेले असतात. म्हणजे एखाद्या राज्यात येणाऱ्या खोक्यांत त्या मजुराच्या वाट्याचा डोस आधीच आलेला असतो. तो त्याला नाकारून दुसऱ्याला द्यायचा, याला 'आपलं आपल्याला मिळालं' कसं म्हणणार?

"त्यांच्या देशानं त्यांना द्यावी."

जायचं कसं? सीमा बंद, विमानं बंद. आणि पोचून मिळणार काय? १८ जानेवारी २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी सांगितलं की किमान ४९ श्रीमंत देशांत ३ कोटी ९० लाखांहून अधिक डोस दिले गेले आहेत, आणि सर्वांत गरीब देशांपैकी एका देशात २५. लाख नाही, हजारही नाही. पंचवीस.

चीनने मार्च २०२१ मध्ये परदेशातल्या आपल्या नागरिकांना लस मिळवून देण्याची मोहीम जाहीर केली, हे खरं. पण ते जमायला हाताशी स्वतःची लस लागते, ती थंड ठेवून पोचवण्याची साखळी लागते आणि यजमान देशाची परवानगी लागते. किती देशांना हे झेपेल? आणि जो आपल्याच सरकारपासून पळून आलेला आहे, त्यानं कोणत्या वकिलातीच्या दारात जाऊन उभं राहायचं? इराणमधल्या अफगाण निर्वासितांसाठी कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेच्या राखीव साठ्यातून १६ लाख डोस पाठवले गेले ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. ज्यांच्यासाठी हा साठा राखून ठेवला होता, त्यांच्यापर्यंत त्याचा पहिला हप्ता पोचायला जवळपास ते वर्ष संपलं. याउलट जॉर्डननं जानेवारी २०२१ मध्येच आपल्या राष्ट्रीय मोहिमेत निर्वासितांना घेतलं. जॉर्डन काही श्रीमंत देश नाही.

"दिली तर बाहेरून लोंढे येतील."

ही भीती अगदीच निराधार नाही, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. डिसेंबर २०२० मध्ये कोलंबियाचे अध्यक्ष इव्हान दुके यांनी नेमकं हेच कारण दिलं होतं: कागदपत्रं नसलेल्या व्हेनेझुएलन लोकांना लस दिली तर सीमेवर झुंबड उडेल. दोनच महिन्यांत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यांच्याच सरकारनं देशात असलेल्या १७ लाखांहून अधिक व्हेनेझुएलन लोकांसाठी दहा वर्षांच्या तात्पुरत्या संरक्षणाची घोषणा केली. माणसं आपल्या गावात, आपल्या बसमध्ये आहेतच. त्यांची नोंद करावी की त्यांना अंधारात ठेवावं, एवढीच निवड सरकारच्या हातात असते.

लसीसाठी प्रवास करून येणारे काही जण असतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात तसे लोक यायला लागले. २१ जानेवारी २०२१ रोजी त्या राज्यानं नियम केला: इथे राहत असल्याचा पुरावा आणा, कायमचे राहत असाल किंवा वर्षातले काही महिने. पाहुण्यांना थांबवायला वास्तव्याची अट पुरली.

जपाननं तर ही व्यवस्था आधीपासूनच उभी केलेली होती. तिथल्या रहिवासी नोंदवहीत जुलै २०१२ पासून परदेशी रहिवाशांचीही नोंद होते. लसीची कुपनं पालिकांनी त्या नोंदवहीवरून घरोघरी टपालानं पाठवली. लस मोफत, आणि राष्ट्रीयत्वाचा प्रश्नच नाही. वेगळा विभाग नाही, वेगळी रांग नाही. मला ही रीत सर्वांत सरळ वाटते.

भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, आणि भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्ट दाखवून कोविनवर नोंदणी करता येईल असं आरोग्य मंत्रालयानं ९ ऑगस्टला जाहीर केलं. जवळपास सात महिन्यांनी. निर्णयाचं कारण मंत्रालयानंच स्पष्ट दिलं होतं: हे लोक मोठ्या संख्येनं महानगरांत राहतात, तिथे दाटी जास्त, म्हणून संसर्ग पसरण्याची शक्यताही जास्त. हे कारण जानेवारीतही तितकंच खरं होतं.

"लस घेऊनही रोग होतोच, मग त्यांनी घेतली काय, न घेतली काय."

कोरोनाचा डेल्टा हा नवा प्रकार आल्यावर हे जास्त ऐकू आलं. लसीनं संसर्ग पूर्ण थांबत नाही, हे मान्य. पण गंभीर आजार आणि मृत्यू ती मोठ्या प्रमाणात टाळते, आणि अतिदक्षता विभागातल्या खाटा मोजक्याच असतात. लस न मिळालेला परदेशी रहिवासी श्वास लागून आला की त्याला लागणारा ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर त्याच साठ्यातून जातो, ज्यातून नागरिकांना मिळायचा असतो.

"निदान बेकायदा राहणाऱ्यांना तरी देऊ नका."

या टोकाला आल्यावर बरेच सहृदय लोकही गप्प होतात. मी होणार नाही. बेकायदा वास्तव्याबद्दल काय करायचं, त्यासाठी कायदा आहे, न्यायालयं आहेत. रोग ही त्याची शिक्षा असू शकत नाही. आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा अर्थ सांगताना संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं २००० सालीच नोंदवून ठेवलं आहे की प्रतिबंधक आणि उपचारात्मक आरोग्यसेवा कोणालाही नाकारता येत नाही, त्यात आश्रय मागणारे आणि बेकायदा स्थलांतरितही आले.

पण हक्क बाजूला ठेवला तरी व्यवहार उरतोच. लपून राहणाऱ्या माणसाला लस द्यायची असेल तर आधी त्याची भीती जायला हवी. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागानं १ फेब्रुवारी २०२१ ला सांगितलं की लसीकरण केंद्रांवर किंवा त्यांच्या आसपास इमिग्रेशनची धरपकड केली जाणार नाही. त्याच महिन्यात ब्रिटननं जाहीर केलं की लस सर्वांना मोफत आहे आणि त्यासाठी कोणाचाही इमिग्रेशन दर्जा तपासला जाणार नाही. मलेशियानंही त्याच महिन्यात परदेशी लोकांनाही लस मोफत देण्याची घोषणा केली, कागदपत्रं नसलेल्यांसकट. पण जूनमध्ये सायबरजाया इथे छापा घालून कागदपत्रं नसलेल्या मजुरांना पकडून नेलं. एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात बेडी घेऊन आलेल्या सरकारपुढे कोण बाही वर करेल? अशा एका छाप्यानं किती महिन्यांचं समजावणं वाया जातं, हे वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या कुठल्याही आरोग्य कार्यकर्त्याला विचारा.

आणि केंद्रावरची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची, अशी भारतातली सूचना होती. टेबलावर शेवटची कुपी उघडलेली आहे, रांगेतले सात जण टोचून झाले आहेत, परिचारिका घड्याळाकडे आणि दाराकडे बघते आहे. दाराबाहेर एक माणूस उभा आहे. दिवसभर तो याच वस्तीत काम करतो, रात्री इथेच झोपतो. त्याच्याकडे दाखवायला कार्ड नाही. कुपीत अजून तीन डोस आहेत.