प्रतिक्रियेला उत्तर : गुलाबाच्या तेलातला तो 0.14 टक्का

काका, कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की बल्गेरियन गुलाबतेलाच्या रिपोर्टात सिट्रोनेलॉल हा गुलाबी वासाचा घटक चांगलं 38 टक्के दिसतंय आणि मी मागच्या पोस्टात डॅमॅसिनोन नावाच्या 0.14 टक्केवाल्या घटकाचं कौतुक करत बसलोय, शिवाय 70 टक्के वास त्याचाच हे कुठून काढलं, आणि घटक वेगळे करून मोजणारं एवढं महागडं मशीन (जीसी, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ) असताना नाक कशाला हवं.

70 टक्क्यांवर तुम्ही मला बरोबर पकडलंत. तो नुसता हिशोब आहे, तेलातलं प्रमाण भागिले नाकाला जेमतेम कळायला लागणारं प्रमाण. सिट्रोनेलॉलला पाण्यात 40 पीपीबी (अब्ज भागांत 40 भाग) लागतं, डॅमॅसिनोनला 0.009. भागाकार करा, सिट्रोनेलॉलचे येतात 95 लाख आणि या इवल्याशा पठ्ठ्याचे साडेपंधरा कोटी! पण हे आकडे पाण्यातले, तेलातले नाहीत, आणि वासांची अशी सरळ बेरीज होत नाही, त्यामुळे "70 टक्के वास" हे माझं वाक्य चुकलंच, बदलतो.

बाकीचं मागे घेणार नाही. (हिंगाचं उदाहरण देणार होतो, पण तुम्ही म्हणाल विषय बदलतोय.)

आता नाकाचं. जीसीच्या कॉलममधून, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या लांब बारीक नळीतून, जे बाहेर पडतं त्याचे दोन फाटे करतात, एक डिटेक्टरला, दुसरा काचेच्या नळीतून आपल्या नाकाशी, सोबत ओलसर हवा, नाहीतर नाक सुकतं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा सिट्रोनेलॉलचा डोंगरासारखा पीक (स्क्रीनवरच्या रेघेचा उंचवटा) आला, मस्त गुलाबी वास, ठीक. मग बऱ्याच वेळाने स्क्रीनवर रेघ जवळपास सपाट आणि नाकात एकदम शिजवलेलं सफरचंद, मध! मला वाटलं कोणीतरी डबा उघडला. पीकचा आकार माल किती ते सांगतो, वास किती ते नाही, इतकं साधं आहे. मोठ्या पीकखाली दडलेले असले बारके कुठे शोधायचे हे पण नाकच सांगतं. 1970 साली हे डॅमॅसिनोन सापडलं त्याच्या कितीतरी आधीपासून मोठे घटक माहीत होते, पण ते मिसळून हुबेहूब गुलाब काही होत नव्हता.

आणि तुम्ही "तेल म्हणजे फूलच" लिहिलंय ते मात्र नाही पटलं. तेल काढताना फुलातलं फेनिलइथाइल अल्कोहोल (हाही गुलाबी वासाचा घटक) बरंचसं गुलाबपाण्यात विरघळून जातं, उलट डॅमॅसिनोन बहुतेक भट्टीतल्या उष्णतेनेच तयार होतं. बल्गेरियात ते पाणी परत डिस्टिल करून निघालेलं तेल पहिल्या तेलात मिसळतात. तुमच्याकडे त्या पाण्याचं काय करतात?