झाड आमचे, गोठा त्यांचा

लग्न ठरवताना दोन्ही घरची मंडळी मुलामुलीचे शिक्षण विचारतात, नोकरी विचारतात, घराण्यात कोणाला मधुमेह आहे का तेही आडून आडून काढून घेतात. परंतु ‘तुमच्याकडे नाताळचे झाड कोणत्या तारखेला सजवतात?’ हा खरोखर उपयोगाचा प्रश्न कोणीही विचारत नाही. आमच्या लग्नाआधी रीतीप्रमाणे तीन रविवार चर्चमध्ये आमची नावे वाचली गेली आणि या विवाहाला कोणाची हरकत असल्यास त्याने ती वेळीच कळवावी, असे भर मंडळीत सांगण्यात आले. कोणीही काही कळवले नाही. माझे माहेर प्रोटेस्टंट आणि सासर कॅथलिक, त्यामुळे श्रद्धेच्या मोठमोठ्या प्रश्नांवरून आमचे बिनसेल अशी धास्ती दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना होती. प्रत्यक्षात पोपच्या अधिकारांविषयी आम्ही नवराबायको आजतागायत चकार शब्द बोललेलो नाही. आमची भांडणे झाली ती सगळी डिसेंबरात, आणि तीही दिव्यांच्या माळा, तपकिरी कागदाचे डोंगर आणि प्लास्टरची मेंढरे यांच्यावरून.

माहेरी आमचा नाताळ 24 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होई, त्याआधी एक मिनिटही नाही. त्या दिवशी दुपारी वडील पुढच्या खोलीचे दार लावून घेत आणि आम्हां भावंडांना अंधार पडेपर्यंत मागच्या खोलीत थोपवून धरण्याचे काम आईकडे येई. दार उघडले की झाड उभे असे, सजलेले आणि उजळलेले. झाड आधी दाखवणे म्हणजे वाढदिवसाच्या आठवडाभर आधीच केक कापून ठेवण्यासारखे आहे, असे वडिलांचे ठाम मत होते, आणि ते मत ते दरवर्षी त्याच शब्दांत, त्याच दाराच्या आडून मांडत. दुसऱ्या दिवशी सकाळी खळ घातलेले कपडे अंगाला टोचत असताना उपासना, आणि घरी परतल्यावर भेटवस्तू. भेटवस्तू उघडण्याचा विधी उपासनेपेक्षा लांबे, कारण कागद फाडण्यास सक्त मनाई होती. आई विणकामाची सुई घेऊन बसे, चिकटपट्टीच्या एका टोकाखाली ती हलकेच सरकवी आणि कागदाचा पापुद्राही न उचलता पट्टी सोडवी. मग तो कागद उलट बाजूने इस्त्री करून गादीखाली जाई आणि पुढच्या वर्षी, कडा कापून सरळ केल्यामुळे थोडा लहान होऊन, परत येई. निळ्या घंटांची नक्षी असलेला एक कागद आमच्या घरात पहिल्यांदा कॅरमच्या बोर्डाभोवती आला. नंतर त्यात शब्दकोश आला, मग रंगपेटी आली आणि मी कॉलेजात जाईपर्यंत त्यात कानांतल्या रिंगांची डबीच काय ती मावत होती.

सासरची तऱ्हा वेगळी. तिथे आगमनकाळाचा, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार उजाडला, आणि तो 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही उजाडतो, की संध्याकाळपर्यंत झाड उभे झालेच पाहिजे. अर्थात झाडाला तिथे फारशी किंमत नाही. ते कोपऱ्यात पाहुण्यासारखे उभे असते आणि खोलीचा तिसरा हिस्सा येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा व्यापतो. गोठ्याचे काम सासऱ्यांकडे. तपकिरी कागद चुरगळून, त्याला रंगाचे पट्टे मारून डोंगर करायचे, फुटक्या आरशाचे तळे करायचे, भुसा पसरून वाट काढायची आणि मेंढरे मांडायची, असा हा उद्योग महिनाभर चालतो. तळ्यातली बदके मेंढरांहून मोठी आहेत, हे मी पहिल्याच वर्षी निदर्शनास आणून दिले. सासऱ्यांनी चष्मा वर करून बदकांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि ‘ती जवळ आहेत,’ एवढेच सांगितले.

नोव्हेंबर संपायच्या आत सजलेले झाड पाहून त्या पहिल्या वर्षी मला जे वाटले, तेच 24 तारखेपर्यंत रिकामा असलेला आमचा माहेरचा कोपरा पाहून नवऱ्याला वाटले असावे: ही माणसे चांगली आहेत, पण यांना नाताळ कसा करतात ते ठाऊक नाही. यावर समजूतदार माणसे गप्प बसतात. आम्ही इतिहास वाचायला घेतला.

माझी बाजू भक्कम होती. सजवलेले झाड ही जर्मन भाषकांची आणि त्यातही मुख्यतः प्रोटेस्टंट लुथरपंथीयांची रीत. कागदी गुलाब आणि सफरचंदे टांगलेल्या झाडांचे वर्णन 1605 च्या सुमाराचे, स्ट्रासबर्गचे आहे. इंग्लंडमध्ये ती घरोघरी पोहोचली ती राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे चित्र 1848 मध्ये एका साप्ताहिकात छापून आल्यानंतर. आणि व्हॅटिकनच्या चौकात पहिले झाड उभे राहिले ते थेट 1982 साली. म्हणजे झाड आमचे. तुम्हांला ते उसने मिळाले आहे. आणि उसनी वस्तू मालकाच्या तारखेनेच वापरावी, असा माझा युक्तिवाद होता. नवऱ्याने उत्तरादाखल 1223 साल काढले. त्या वर्षी संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेचो गावात गवताने भरलेली गव्हाण, खराखुरा बैल आणि खरेखुरे गाढव आणून नाताळची मध्यरात्र साजरी केली. तोच या गोठ्याचा मूळपुरुष. आठशे वर्षांच्या गोठ्यापुढे आपल्या झाडाचे वय ते काय, असे म्हणून तो थांबला असता तर बरे झाले असते. परंतु त्याने पुढे जाऊन इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांच्या, पार्लमेंटने 1647 साली नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली होती, मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 पासून 1681 पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता आणि स्कॉटलंडमध्ये तर 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी 1958 साली आली, ही सारी माहिती माझ्या माहेरच्यांसमोर, जेवताना दिली. ‘तुमच्याच मंडळींनी बंद केला होता नाताळ,’ असे तो माझ्या वडिलांना म्हणाला. वडिलांनी त्याला वाढणे थांबवले नाही, पण वाढताना त्याच्याकडे पाहणे मात्र थांबवले.

मग मी सासूबाईंच्या लाडक्या आगमनचक्राला हात घातला. हिरव्या पानांचे ते कडे, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक पेटवायची. हे पुरातन काळापासून चालत आले आहे, असा त्यांचा समज. ते 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान विकर्न नावाच्या लुथरन धर्मपंडिताने अनाथ मुलांसाठी गाडीचे चाक टांगून सुरू केले, असे मी सांगितल्यावर त्या क्षणभर थबकल्या, आणि मग त्यांनी तिसरी मेणबत्ती, नेमाप्रमाणे गुलाबी, शांतपणे पेटवली. रात्री नवऱ्याने सूड उगवला. माझ्या माहेरी ज्या गीताशिवाय उपासना संपत नाही, त्या ‘सायलेंट नाइट’चे मूळ शब्द एका कॅथलिक धर्मगुरूचे आहेत आणि ते 1818 च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या देवळात पहिल्यांदा गायले गेले. मला हे माहीत नव्हते असे नाही. त्याला कळणार नाही अशी आशा होती.

इतके सारे वाचून हाती काय आले, तर ज्या रूढींसाठी आम्ही घसा कोरडा करत होतो त्यांतल्या बऱ्याचशा आमच्या समजुतीपेक्षा पुष्कळ तरुण निघाल्या. त्याचा भांडणावर काडीचाही परिणाम झाला नाही. आपण दहा वर्षांचे होईपर्यंत घरात जे घडले ते सनातन, आणि त्यानंतर दुसऱ्याच्या घरी जे पाहिले ते खूळ, अशी प्रत्येकाची कालगणना असते, आणि तिच्यापुढे सनावळ्यांचे काही चालत नाही.

शेवटी तह झाला, आणि तहाचा नियमच असा की दोन्ही बाजूंचे सगळे कष्ट एकत्र येतात. झाड आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी उभे करायचे, पण 24 च्या संध्याकाळपर्यंत त्यावर दिवे लावायचे नाहीत. त्यामुळे महिनाभर घरात एक काळोखे झाड असते आणि येणारा प्रत्येक जण ‘वायरिंग गेले का?’ असे विचारतो. मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, सासरची, सकाळची उपासना माहेरची. रात्री दोनला अंथरुणाला पाठ टेकायची आणि सहाला पुन्हा साडी नेसायला उभे राहायचे, हे तरुणपणी रम्य वाटते. एका वर्षी प्रवचनभर नवऱ्याचे डोके माझ्या खांद्यावर होते. प्रवचन कसे वाटले, असे वडिलांनी बाहेर आल्यावर मुद्दाम विचारले, तेव्हा ‘फार विश्रांती मिळाली मनाला,’ असे त्याने पूर्ण प्रामाणिकपणे सांगितले. झाड केव्हा काढायचे याचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. माझ्या मते नवे वर्ष लागले की नाताळ संपला. नवरा 6 जानेवारीचा आग्रह धरतो. आणि गोठा नाताळनंतर चाळिसाव्या दिवशी, म्हणजे 2 फेब्रुवारीला, येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणापर्यंत हलवायचा नाही, असे सासरे म्हणतात. फेब्रुवारीत केर काढताना भुशात रुतलेले मेंढरू झाडूला अडकते, तेव्हा मला प्युरिटन पार्लमेंटविषयी थोडी आपुलकी वाटू लागते.

ही सगळी कटकट एकीकडे आणि बाळयेशूचा शोध एकीकडे. गोठ्यात मरिया असते, योसेफ असतो, गुरे असतात, पण गव्हाण मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवायची, हा सासरचा दंडक. हा दंडक मला मनापासून आवडतो. वडिलांच्या बंद दाराशी त्याचे जवळचे नाते आहे. अडचण एवढीच की, पूर्वी एकदा खोक्यात मेंढराचे शिंग लागून बाळाच्या कानाचा टवका उडाला, तेव्हापासून सासूबाई ती बोटाएवढी मूर्ती इतर मूर्तींबरोबर ठेवत नाहीत. त्या ती सुरक्षित जागी ठेवतात. सुरक्षितता वाढावी म्हणून जागा दरवर्षी बदलतात. ती शिवणयंत्राच्या खणात बॉबिनांमध्ये सापडली आहे, कपाटात शालींच्या घडीत सापडली आहे आणि एकदा, पंचांग-कॅलेंडरांच्या गुंडाळीत, जवळजवळ रद्दीत गेली होती. 24 च्या रात्री साडेदहाला, मिस्सेचे कपडे अंगावर, पदर खोचलेला, अशा थाटात आमचे सगळे घर बाळाला शोधत असते. वर्षभरात हरवलेली प्रत्येक गोष्ट त्या रात्री मिळते: विम्याची पावती मिळते, माळ्याची किल्ली मिळते, एका पायातला मोजा मिळतो. ‘अहो आई, जरा आठवा ना,’ असे मी म्हणते. ‘आठवते आहे गं, फारच चांगल्या जागी ठेवलंय,’ असे त्या म्हणतात.

एका वर्षी शोध फसला. निघायची वेळ झाली, गव्हाण रिकामीच ठेवून आम्ही चर्चला गेलो. त्या रात्री पहिले वाचन सासऱ्यांकडे होते. ते वाचनपीठाशी गेले, ग्रंथ उघडला, कोटाच्या खिशातून ठेवणीतल्या चष्म्याचे घर काढले, उघडले आणि तसेच उभे राहिले. आत चष्मा नव्हता. आत, कापसाच्या गादीवर, एक कान तुटलेला बाळयेशू पहुडला होता. नाताळच्या मध्यरात्रीचे पहिले वाचन बायबलमधल्या यशयाच्या नवव्या अध्यायातले असते, आणि आपल्यासाठी एक बाळ जन्मल्याची वार्ता त्यातच आहे. ते सासऱ्यांनी चष्म्यावाचून, समोरच्या उघड्या घराकडे पाहत, तोंडपाठ म्हटले. इतके भावपूर्ण वाचन त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते, असे पुढे बरेच जण म्हणाले. सासूबाई तेवढा वेळ पदरात तोंड लपवून बसल्या होत्या, आणि आजूबाजूच्यांनी त्याला भक्ती मानले.

बाळयेशूला भेटी घेऊन आलेल्या मागी लोकांचे, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचे, प्रकरणही काही कमी नाही. सासरी ते तीन राजे म्हणून पुस्तकांच्या कपाटावरून प्रवासाला निघतात, रोज वीतभर पुढे सरकतात आणि 6 जानेवारीला गोठ्याशी पोहोचतात. ते तीन होते असे शुभवर्तमानात कुठे लिहिले आहे, हा माझ्या वडिलांचा आवडता प्रश्न. मत्तयाने भेटी तीन सांगितल्या आहेत, माणसे मोजलेली नाहीत. सासरे त्यावर एकच उत्तर देतात, की मूर्ती तीनच मिळतात.

आता या सगळ्यात आमच्या मुलीची भर पडली आहे. तिच्या लेखी माहेर-सासर काही नाही. तिने दहा वर्षांच्या आत जे पाहिले ते सनातन, आणि तिने पाहिले आहे ते काळोखे झाड, दोन चर्च, पेंगणारा बाप आणि साडेदहाची झडती. मागच्या नाताळनंतर मी शहाणपणा करून बाळयेशू एका डबीत घातला, डबीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहिले आणि ती काचेच्या कपाटात दर्शनी ठेवली. आगमनकाळाच्या पहिल्याच रविवारी मुलीच्या नजरेस ती पडली आणि तिने आकांत केला. शोधायचेच नसेल तर तो नाताळ कसला, आपल्याकडे नेहमी शोधतात, आजीला विचार! आजीला विचारले. सासूबाईंनी डबीकडे पाहिले, नातीकडे पाहिले, मला पाच मिनिटे स्वयंपाकघरात जाऊन बसायला सांगितले आणि कपाटांची दारे उघडल्यामिटल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. आज 23 तारीख आहे. सासूबाई सकाळपासून शिवणयंत्रापाशी दोनदा जाऊन आल्या आहेत, आणि मघाशी त्यांनी मला अगदी सहज विचारले, की मी स्वयंपाकघरातून चुकून काही पाहिले तर नव्हते ना.